डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये क्वेरीचा निकाल मेमरीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशीच्या फळमार्केटातले गाळे, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स, महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीतली पॅकिंगची युनिटं. इथे बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आजही बऱ्याच ठिकाणी डेस्कटॉपवरच चालतं. इंटरनेट गेलं तरी पावती निघाली पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. अशी सॉफ्टवेअरं लिहिणारे आणि दुसऱ्याने लिहिलेली सांभाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तिचा निकाल म्हणजे परत येणाऱ्या ओळी. उदाहरणं मुख्यतः सी शार्प ही भाषा, विनफॉर्म्स (विंडोजवर स्क्रीन बनवायचं साधन) आणि एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरची फुकट आवृत्ती) यांची आहेत. जावा, पायथॉन आणि क्यूटीवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

प्रश्न: क्वेरी मारली की डेटा मेमरीत येतोच ना? त्यात ठरवायचं काय?

येतो, पण किती येतो आणि किती वेळ राहतो हे तुम्ही कोणतं साधन वापरता त्यावर आहे. सर्व्हर निकाल एका झटक्यात देत नाही, ओळी नेटवर्कवरून पाकिटापाकिटाने येत राहतात. डेटारीडर वापरलात तर हातात एका वेळी एकच ओळ असते. पुढच्या ओळीवर गेलात की मागची सुटली. डेटाॲडॅप्टरची फिल वापरलीत तर सगळी पाकिटं शेवटपर्यंत वाचून अख्खा निकाल डेटाटेबलमध्ये भरला जातो, आणि कनेक्शन सोडलं तरी तो तुमच्यापाशी राहतो. सी शार्प ज्यावर चालते ते डॉटनेट २००२ मध्ये आलं, तेव्हापासून या दोन वाटा आहेत. आतून फिलसुद्धा रीडरच चालवते.

मेमरीतला डेटा म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. काढली त्या क्षणापुरती खरी. तिच्यावर खाडाखोड करून तलाठ्याच्या दप्तरात काही बदलत नाही, आणि दप्तरात फेरफार झाला तर झेरॉक्सला त्याचा पत्ता नसतो. किती पानांची झेरॉक्स काढायची, ती किती वेळ खरी मानायची आणि तिच्यावर केलेला बदल मूळ दप्तरात कसा चढवायचा, याभोवतीच खालचे बहुतेक प्रश्न फिरतात.

प्रश्न: आमच्या मशीनला १६ जीबी रॅम आहे. सगळं टेबल आणलं तर काय बिघडतं?

आधी तुमचा प्रोग्राम ३२-बिट चालतोय का ते बघा. डॉटनेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये 'एनी सीपीयू' निवडलेलं असलं तरी व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून 'प्रिफर ३२-बिट' ही खूण आपोआप लागलेली असते. ३२-बिट प्रोसेसला नेहमीच्या मांडणीत २ जीबी पत्ते मिळतात, मग मशीनमध्ये १६ जीबी असो नाहीतर ६४. त्या २ जीबीतही डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडच्या फायली), ग्रिड (स्क्रीनवरचा ओळी-कॉलमांचा तक्ता), रिपोर्टचं इंजिन सगळं बसतं, आणि मोकळी जागा सलग नसते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये हजार-बाराशे एमबीच दिसत असताना 'आउट ऑफ मेमरी' येऊ शकतं. लोक मग रॅम वाढवतात आणि एरर तशीच राहते.

६४-बिट करणं हा खरा उपाय, पण जुना ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा), ॲक्सेसचं जेट इंजिन किंवा कुठलं तरी ३२-बिट रिपोर्ट कंट्रोल आडवं येतं. ते अडथळे आधी शोधा.

रॅम पुरली तरी दुसरी गोष्ट आहे वेळेची. आंब्याच्या सीझनला, एप्रिल-मेमध्ये, पाच काउंटरांनी सकाळी एकदम सॉफ्टवेअर उघडलं आणि प्रत्येकाने पाच वर्षांची बिलं ओढली, तर एक्सप्रेसची तारांबळ उडते. एक्सप्रेस आवृत्तीचा बफर पूल, म्हणजे डेटाची पानं (ठरावीक मापाचे तुकडे) मेमरीत धरून ठेवायची जागा, १४१० एमबीच्या वर जात नाही, आणि २०२२ आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. जुनी पानं वाचायला घेतली की आजची पानं बफरमधून बाहेर ढकलली जातात आणि बिल सेव्ह करणाऱ्यालाही डिस्कची वाट बघावी लागते.

प्रश्न: एक ओळ साधारण किती जागा खाते, हे आधी काढता येतं का?

येतं, कागदावर. पूर्णांकाला ४ बाइट, तारखेला ८, डेसिमलला १६. ही सरळ गणितं. घोळ होतो तो मजकुरात. डॉटनेटमध्ये मजकूर यूटीएफ-१६ मध्ये राहतो, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २ बाइट. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'रामचंद्र' हे डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण काना, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजून ते आठ चिन्हांचं होतं. ६४-बिट प्रोसेसमध्ये प्रत्येक स्ट्रिंगचा वरखर्च २२ बाइट. त्यात १६ मिळवले, ८ च्या पटीत वर नेलं की ४०. शिवाय त्या स्ट्रिंगकडे बोट दाखवणारा ८ बाइटचा संदर्भ. एका छोट्या नावाला ४८ बाइट.

आता बिलाच्या ३,००,००० ओळी आणि प्रत्येकीत मालाचं नाव 'हापूस' असं धरा. पाच चिन्हं, ३२ बाइट, अधिक संदर्भाचे ८. ड्रायव्हर प्रत्येक ओळीसाठी नवी स्ट्रिंग बनवतो, आधीचीच पुन्हा वापरत नाही. म्हणजे एकाच शब्दाच्या तीन लाख प्रती, सुमारे १२ एमबी, फक्त एका कॉलमसाठी. त्याच जागी मालाचा आयडी आणला असता तर १.२ एमबीत भागलं असतं, कारण नावं मास्टर टेबलात (मालाच्या मूळ यादीत) एकदाच असतात. पार्टीचं नाव, गाव, वाहन नंबर, शेरा असे सहा-सात कॉलम जोडले की कुठे पोचतो ते तुम्हीच बघा. डेटारो ऑब्जेक्टचा, म्हणजे डेटाटेबलमधल्या एकेका ओळीचा, खर्च अजून यात धरलेला नाही.

जाता जाता: डेटाबेसात नावासाठी एनव्हारचार २० (युनिकोड मजकुराचा कॉलम) ठेवलं तर त्यात वीस अक्षरं नव्हे, वीस चिन्हं मावतात. मराठी आडनाव मध्येच तुटलेलं दिसलं तर ते यामुळे.

प्रश्न: डेटाटेबल वापरावं की क्लासची लिस्ट?

नुसतं दाखवायचं किंवा हिशेब करायचा असेल तर लिस्ट. हलकी, टाइपसेफ, वाचायला सोपी. ग्रिडमध्ये संपादन करून एकदम सेव्ह करायचं असेल तर डेटाटेबलला अजूनही तोड नाही. कोणती ओळ नवी, कोणती बदललेली, कोणती पुसलेली हे ते स्वतः लक्षात ठेवतं आणि मूळ किंमतही बाजूला जपतं. ही सोय फुकट नाही, मेमरीत तिचे पैसे पडतात. 'डेटाटेबल जुनाट झालं' असं तरुण मुलं म्हणतात तेव्हा मी फार वाद घालत नाही, पण पावतीच्या पंधरा-वीस ओळींसाठी ते बदलायचं कारणही मला दिसत नाही.

डेटाटेबल ठेवत असाल तर प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख देणारा कॉलम) सांगा. की सांगितली की 'फाइंड' इंडेक्सवरून (पुस्तकाच्या सूचीसारख्या लावलेल्या यादीवरून) शोधतं. ती नसताना लूप फिरवून शोधणारा कोड मी फार पाहिलाय.

प्रश्न: मग रीडर कधी?

ज्या ओळी एकदा वाचून सोडून द्यायच्या आहेत तिथे: एक्सेलला पाठवणं, टॅली-साठी फाईल काढणं, छपाई. रीडर वाचता वाचता फाईलमध्ये लिहीत जा, दहा लाख ओळी असल्या तरी मेमरी जागची हलत नाही.

पण रीडर उघडा ठेवून मध्ये रेंगाळू नका. ओळ वाचली, यूजरला 'पुढे जाऊ का?' विचारलं, तो चहाला गेला. सर्व्हर तिकडे पाकीट हातात धरून थांबतो. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रतीक्षा-यादीत हे 'असिंक नेटवर्क आयओ' या नावाने दिसतं, आणि कधी कधी वाचनाची कुलुपं तोवर सुटत नसल्याने दुसऱ्या काउंटरचं सेव्ह खोळंबतं. खापर मात्र नेटवर्कवाल्यावर फुटतं.

रीडर अर्धवट सोडायचा असेल तर आधी कमांडवर 'कॅन्सल' बोलवा, मग रीडर बंद करा. थेट बंद केलात तर उरलेल्या ओळी तो शेवटपर्यंत ओढून टाकून देतो, आणि 'बंद करायला एवढा वेळ का?' हे कोडं पडतं.

प्रश्न: डेटा लोड होताना स्क्रीन पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. मेहताजी चार वेळा क्लिक करतात.

क्लिक करणारच, त्यांचा दोष नाही. खिडकी रंगवणं, माऊस ऐकणं आणि तुमची फिल, तिन्ही कामं एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालली आहेत. फिल संपेपर्यंत बाकीची दोन बंद. चार क्लिक रांगेत साठतात आणि शुद्धीवर आल्यावर प्रोग्राम तीच क्वेरी आणखी चारदा मारतो.

उपाय असा. बटण दाबताक्षणी ते निष्क्रिय करा. फिल दुसऱ्या धाग्यावर न्या. एसक्यूएल डेटाॲडॅप्टरला फिलची असिंक (धागा न अडवता चालणारी) आवृत्ती नाही, म्हणून ती 'टास्क.रन'मध्ये गुंडाळून 'अवेट' करायची. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं ते असं: ग्रिडला आधीच जोडलेलं डेटाटेबल दुसऱ्या धाग्यावरून भरू नका. डेटाटेबलमध्ये अनेक धाग्यांनी वाचणं सुरक्षित आहे, लिहिणं नाही. शिवाय भरताना ते ग्रिडला निरोप पाठवत राहतं आणि ते निरोप चुकीच्या धाग्यावर पोचतात. कधी चालतं, कधी ग्रिडवर लाल फुली येते, कधी प्रोग्राम मरतो. नवं, कोरं टेबल मागे भरा आणि भरून झाल्यावर मुख्य धाग्यावर ग्रिडचा डेटासोर्स बदला.

रीडरच्या असिंक पद्धती वापरत असाल तर एक सावधगिरी: ओळींत मोठे मजकूर किंवा फायली असतील तर एसक्यूएल क्लायंटचं असिंक वाचन साध्या वाचनापेक्षा फार हळू पडतं. तिथे 'टास्क.रन'मधलं साधं वाचनच बरं.

आणि 'रद्द करा' हे बटण द्या. यूजर तारीख चुकवतो, 'या आठवड्या'ऐवजी 'या वर्षी' निवडतो. त्याला माघार घेता आली पाहिजे. कमांडची मुदत न सांगितल्यास ३० सेकंद असते. ती शून्य करून अमर्याद करणं म्हणजे आजार झाकणं.

प्रश्न: ग्रिडमध्ये दोन लाख ओळी कशा दाखवायच्या?

मी उलट विचारतो: कोण बघणार आहे? गाळ्यावरचे शेठ दोन लाख ओळी बघत नाहीत. ते आजची आवक बघतात, कालची उधारी बघतात आणि एखाद्या पार्टीची पट्टी शोधतात. स्क्रीन उघडताना आजची तारीख लावा, बाकीचं मागितल्यावर द्या. लोडिंगच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. तारखेची अट घालताना कॉलमवर वर्ष काढणारं फंक्शन लावू नका, 'या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत' असं लिहा, म्हणजे इंडेक्स वापरला जाईल.

तरीही खरंच लांब यादी हवी असेल तर विनफॉर्म्सच्या डेटाग्रिडव्ह्यूला 'व्हर्च्युअल मोड' आहे. ग्रिडला फक्त एकूण ओळी सांगायच्या. जी पेशी दिसायची वेळ येते तिची किंमत तो 'सेलव्हॅल्यूनीडेड' या इव्हेंटने मागतो. तुम्ही मागे काही पानं साठवून ठेवायची आणि त्यातून द्यायची. थोडं लिहावं लागतं, पण एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं चालतं.

डब्ल्यूपीएफ हे स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं दुसरं साधन. त्याच्या डेटाग्रिडमध्ये ओळींचं व्हर्च्युअलायझेशन (दिसतील तेवढ्याच ओळी तयार करणं) मुळातच चालू असतं. ते बंद पाडायचा हमखास मार्ग म्हणजे ग्रिड स्क्रोलव्ह्यूअरमध्ये किंवा उभ्या स्टॅकपॅनेलमध्ये ठेवणं. मग ग्रिडला वाटतं उंची अमर्याद आहे, आणि तो दिसणाऱ्या तीस ओळींऐवजी सगळ्याच ओळींची चित्रं तयार करायला बसतो. डेटा सेकंदात आला आणि स्क्रीन मिनिटभर अडकली, तर क्वेरी सोडा, आधी हे तपासा. विनफॉर्म्समध्ये याचा भाऊ म्हणजे कॉलमची रुंदी 'ऑल सेल्स'वर ठेवणं. प्रत्येक ओळ मोजली जाते. 'डिस्प्लेड सेल्स' ठेवा.

प्रश्न: पानं पाडताना ऑफसेट-फेच वापरतो. पुढच्या पानांवर हळू का होतं?

ऑफसेट-फेच एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून आहे. 'पहिल्या ५०,००० सोडून पुढच्या १०० द्या' म्हटलं की सर्व्हरला त्या ५०,००० ओलांडाव्याच लागतात. शिवाय मधल्या वेळात कोणी नवं बिल टाकलं तर ओळी सरकतात: एखादी दोनदा दिसते, एखादं बिल पुसलं गेलं तर एखादी दिसतच नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाला यासारखा मनस्ताप नाही.

त्याऐवजी मागच्या पानाची शेवटची ओळ लक्षात ठेवा आणि 'या तारखेच्या व या बिल नंबरच्या आधीच्या १०० ओळी' असं मागा. तारीख आणि नंबर मिळून इंडेक्स असेल तर दहावं पान आणि हजारावं पान सारख्याच वेगाने येतं. नुसत्या तारखेवर क्रम लावू नका, एका दिवसात शेकडो बिलं असतात. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएलाइटमध्ये दोन कॉलमांची जोडी थेट तोलता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'किंवा' घालून लांबलचक लिहावं लागतं. 'थेट ४७व्या पानावर जा' ही सोय यात जाते. ती सोय कोणी वापरल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रश्न: नाव शोधायचं ते मेमरीत की डेटाबेसात?

पार्टी मास्टर, मालाची यादी, गावं, करांचे दर या छोट्या आणि क्वचित बदलणाऱ्या याद्या सुरुवातीलाच मेमरीत आणा आणि तिथेच शोधा. काउंटरवर टाइप करता करता नाव सुचवायचं असेल तर प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे जाणं परवडत नाही. बिलं, पावत्या, स्टॉकच्या नोंदी डेटाबेसातच शोधा.

मराठीत शोधताना दोन खड्डे आहेत. पहिला, क्वेरीत मजकूर थेट लिहिताना अवतरणाआधी एन लावला नाही तर 'ठाणे'चं प्रश्नचिन्हं होऊन जातं आणि काहीच सापडत नाही. पॅरामीटर वापरा, म्हणजे मजकूर क्वेरीत न चिकटवता वेगळा पाठवा, हा त्रासही जाईल आणि इंजेक्शनचा (मजकुरातून परकी आज्ञा घुसण्याचा) धोकाही. पण कॉलम साधा व्हारचार असेल आणि पॅरामीटर एनव्हारचार म्हणून गेला, तर रूपांतर करत बसल्यामुळे इंडेक्स वाया जाऊ शकतो. पॅरामीटरचा प्रकार स्पष्ट सांगा.

दुसरा जास्त छुपा. 'कऱ्हाड' हे टाइप करायच्या एकाहून जास्त तऱ्हा आहेत. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक येतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एक, मेमरीत वेगळे. पार्टी मास्टरमध्ये एकच गिऱ्हाईक दोनदा दिसलं आणि दोघांची उधारी वेगळी निघाली की मालक तुम्हाला फोन करतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन सुट्या नुक्त्याला ऱ मध्ये जोडतं, पण तो जोडक तसाच ठेवतं. म्हणून सेव्ह करतानाच एका रूपात आणा आणि शोधायचा शब्दही त्याच चाळणीतून काढा.

प्रश्न: महिन्याची बेरीज करायला सगळ्या ओळी आणाव्या लागतात का?

नाही. बेरीज डेटाबेसला करू द्या, आडत, हमाली, तोलाई यांचे तीन आकडे आणा. तीन आकड्यांसाठी चाळीस हजार ओळींची वाहतूक कशाला?

प्रश्न: मी ओळ उघडून बसलोय आणि तेवढ्यात दुसऱ्या काउंटरने ती बदलली तर?

तुमच्या झेरॉक्सला ते कळणार नाही. काही केलं नाही तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं, आणि पहिल्याचा बदल निमूट गायब. दर ठरवण्यावरून भांडणं होतात ती अशा वेळी.

टेबलात 'रोव्हर्जन' प्रकारचा कॉलम ठेवा. ओळ बदलली की त्याची ८ बाइटची किंमत आपोआप बदलते. ओळ वाचताना ती किंमतही आणा आणि अपडेट करताना अट घाला: आयडी हाच आणि रोव्हर्जन मी वाचलं होतं तेच. किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर मध्ये कोणीतरी हात लावला आहे. डेटाॲडॅप्टर अशा वेळी 'डीबी कन्करन्सी एक्सेप्शन' फेकतो. तो गिळून टाकू नका. यूजरला जुनं आणि नवं दोन्ही दाखवा आणि त्यालाच ठरवू द्या.

स्टॉकला मात्र हेही पुरत नाही. शिल्लक ४० पेट्या मेमरीत आणल्या, त्यातून १० वजा केल्या आणि ३० परत लिहिल्या, हा क्रमच धोक्याचा आहे. त्याच क्षणी दुसऱ्याने १५ विकल्या तर? वजाबाकी डेटाबेसातच एका अपडेटमध्ये करा: शिल्लक उणे १०, पण शिल्लक किमान १० असेल तरच. एकही ओळ बदलली नाही तर माल संपला. स्क्रीनवरचा स्टॉकचा आकडा हा फक्त अंदाज, हे काउंटरवरच्या माणसालाही एकदा सांगून ठेवा.

प्रश्न: एंटिटी फ्रेमवर्क वापरतो. मेमरी दिवसभर चढत जाते.

बहुतेक वेळा डीबीकॉन्टेक्स्ट (एंटिटी फ्रेमवर्कचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) प्रोग्राम उघडताना बनवलेला असतो आणि रात्री बंद होईपर्यंत तोच वापरला जातो. वेबवर दर विनंतीला नवा बनतो म्हणून तिथे हे दिसत नाही, डेस्कटॉपवर दिसतं. कॉन्टेक्स्ट वाचलेली प्रत्येक वस्तू आणि तिची मूळ प्रत धरून ठेवतो. एका कामाला एक कॉन्टेक्स्ट बनवा, काम झालं की सोडा. नुसतं दाखवायचं असेल तर 'ॲज नो ट्रॅकिंग'.

दुसरी जागा म्हणजे 'टूलिस्ट' किंवा 'ॲज इन्युमरेबल' कुठे लिहिलंय. अटीच्या आधी लिहिलंत तर अख्खं टेबल मेमरीत येऊन मग गाळलं जातं. निकाल बरोबर येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि लूपमध्ये प्रत्येक बिलाच्या पार्टीला हात लावत असाल, लेझी लोडिंग (जोडलेली माहिती हात लावल्यावरच आणणं) चालू असेल, तर दर बिलामागे एक वेगळी क्वेरी जाते. लॉग चालू करून एकदा डोळ्यांनी बघा.

प्रश्न: आम्ही जावा, पायथॉन किंवा क्यूटी वापरतो. आमचं काय?

तत्त्व तेच, ड्रायव्हरच्या सवयी वेगळ्या. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावासाठीचा) काही न सांगितल्यास अख्खा निकाल मेमरीत ओढतो. तुकड्यांनी हवा असेल तर ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करणं) बंद करून फेच साइज (एका फेरीत किती ओळी) द्यावा लागतो. नुसता फेच साइज देऊन 'चालत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मायएसक्यूएलचा कनेक्टर-जेसुद्धा सगळं ओढतो. ओरॅकलचा ड्रायव्हर उलट एका फेरीत फक्त १० ओळी आणतो, म्हणून तिथे आकडा वाढवला की वेग वाढतो. पायथॉनच्या सायकोपीजी२ या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये साधा कर्सर (निकालातल्या ओळी उचलून देणारा) सगळं क्लायंटकडे आणतो, कर्सरला नाव दिलं तर तो सर्व्हरवर राहतो. क्यूटीचं क्वेरी मॉडेल एसक्यूएलाइटवर सुरुवातीला २५६ ओळीच दाखवतं आणि खाली सरकाल तसं पुढचं आणतं. त्याच्या ओळींची मोजणी 'एकूण बिलं' म्हणून स्क्रीनवर छापू नका.

प्रश्न: जुनं व्हीबी ६ आणि ॲक्सेसचं सॉफ्टवेअर आहे. मालक बदलू देत नाहीत.

व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६, आलं १९९८ मध्ये आणि त्याच्या एडिटरचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला, तरी ते चालतंय हे खरं. कर्सर क्लायंटकडे ठेवलात तर अख्खा रेकॉर्डसेट मेमरीत येतो. फक्त पुढे जाणारा कर्सर घेतलात तर रेकॉर्डकाउंट उणे १ येतो, तो बग नव्हे. ॲक्सेसची फाईल शेअर फोल्डरवर असेल तर इंजिन प्रत्येक काउंटरच्या मशीनवर चालतं. इंडेक्स नसलेल्या कॉलमवर शोधलं की टेबलाची पानंच्या पानं केबलवरून तुमच्याकडे येतात. फाईल २ जीबीला पोचायच्या आत टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये हलवा, पुढची स्क्रीन तीच राहू द्या. मालकांना बदल दिसत नाही आणि विरोध होत नाही.

प्रश्न: अख्खा एसक्यूएलाइट डेटाबेसच मेमरीत ठेवला तर?

वाचायच्या अहवालासाठी चालेल. बॅकअपच्या सोयीने फाईलची प्रत मेमरीत घ्या आणि हवं तेवढं पिंजून काढा. रोजची बिलं लिहायला मात्र नको. वीज गेली की सगळं गेलं. त्यापेक्षा फाईलच वापरा, वॅल मोड (बदल आधी वेगळ्या नोंद-फाईलीत लिहिणं) चालू करा आणि कॅश वाढवा. ती मुळात जेमतेम २ एमबी असते.

प्रश्न: फॉर्म बंद केला तरी मेमरी का उतरत नाही?

थोडी न उतरणं स्वाभाविक आहे. डॉटनेट मोकळी झालेली जागा विंडोजला लगेच परत करत नाही. ८५,००० बाइटपेक्षा मोठे ॲरे वेगळ्या ढिगात जातात आणि तो ढीग सहसा दाबून सलग केला जात नाही. पण तोच फॉर्म उघड-बंद केल्यावर आकडा प्रत्येक वेळी तेवढाच चढत असेल तर कोणीतरी टेबल धरून ठेवलंय. नव्याण्णव टक्के नसेल, पण बहुतेकदा तो स्टॅटिक इव्हेंट असतो: फॉर्मने कुठल्या तरी सामायिक क्लासच्या इव्हेंटला नाव नोंदवलं आणि बंद होताना काढलं नाही. फॉर्म जिवंत, त्याचं ग्रिड जिवंत, ग्रिडचा सगळा डेटा जिवंत. ठिकठिकाणी कचरा गोळा करायची सक्तीची हाक टाकून हे सुटत नाही.

प्रश्न: बिलाचे स्कॅन केलेले फोटो टेबलातच आहेत. यादी उघडायला वेळ लागतो.

यादीच्या क्वेरीत 'सिलेक्ट स्टार', म्हणजे 'सगळे कॉलम आण', आहे का बघा. असणार. कॉलमांची नावं लिहा, फोटो ओळीवर क्लिक केल्यावर आणा.

प्रश्न: आमच्या ऑफिसात झटकन चालतं, गिऱ्हाइकाकडे रखडतं. असं का?

तुमच्याकडे चाचणीच्या दोनशे ओळी आहेत आणि सर्व्हर त्याच लॅपटॉपमध्ये. त्यांच्याकडे चार वर्षांचा डेटा आहे आणि मध्ये एक जुना स्विच, नाहीतर पोटमाळ्यावरचा वायफाय. दोनशे ओळींवर कुठलाही कोड वेगवान असतो.

खोटा डेटा तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा: पाच लाख बिलं, मराठी नावं, थोडी लांब, काही शेरे रिकामे. नावं इंग्रजीत भरलीत तर पानाची मांडणी आणि शोध यांच्या चाचण्या फसव्या निघतील. तारखा वर्षभर सारख्या पसरू नका. मार्च ते मेमध्ये ढीग आणि पावसाळ्यात विरळ अशा भरा, म्हणजे 'या महिन्याची बिलं' ही क्वेरी तिच्या सगळ्यात वाईट दिवशी कशी वागते ते दिसेल. सर्व्हर दुसऱ्या मशीनवर ठेवा, तुमचा प्रोग्राम ४ जीबीच्या जुन्या पीसीवर चालवा, आणि तीन मशीनवरून एकाच वेळी तीच स्क्रीन उघडा. त्या वेळी सर्व्हरवरच्या प्रतीक्षांची यादी आणि क्लायंटच्या टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. सर्व्हर वाट बघत असेल तर तुमचं वाचन किंवा मधलं नेटवर्क हळू आहे, क्लायंट वाट बघत असेल तर क्वेरी किंवा इंडेक्स, आणि दोघंही रिकामे बसून स्क्रीन गोठली असेल तर ग्रिड.